वीस गुण आणि न ऐकलेली मुलं

दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला, २०१९ साली ७७.१० आणि २०२० साली ९५.३०. आमच्या नागपूर विभागाचे आकडे आणखी बोलके आहेत. २०१९ मध्ये ६७.२७ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत खाली, आणि पुढच्याच वर्षी ९३.८४. एका वर्षात विभागातली मुलं एवढी हुशार झाली नव्हती, आणि त्याच्या आदल्या वर्षी ती एवढी मठ्ठही झाली नव्हती. मधल्या काळात भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस गुण काढले गेले आणि नंतर परत आले, एवढंच घडलं.

मी मराठी शिकवते. शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या बाजूला, वैनगंगेपासून फार लांब नाही. अनुदानित, पाचवी ते दहावी. त्या एका वर्षाचं प्रकरण मी इथे आमच्या शाळेच्या अंगाने मांडते आहे. त्यात माझाही दोष आहे आणि तो लपवून हे प्रकरण सांगता येणार नाही.

आधी वीस गुणांचा हिशेब. लेखी ऐंशीची, तोंडी वीसची, उत्तीर्ण व्हायला पस्तीस. तोंडीत अठरा पडले की लेखीत सतरा पुरतात. ऐंशीपैकी सतरा म्हणजे थोडं व्याकरण, एखादा उतारा वाचून पूर्ण केलेली आकृती, आणि पत्राचा वरचा-खालचा मायना. तोंडी परीक्षेत श्रवण आणि भाषण ही कौशल्यं तपासायची असतात. मुलाला काहीतरी ऐकवायचं, त्यावर विचारायचं, मग त्याला बोलतं करायचं. कागदावर ही फार चांगली कल्पना आहे. भाषा शिकण्याचा अर्धा भाग तोच तर आहे.

आमच्याकडे ती परीक्षा कशी व्हायची? फेब्रुवारीत एका दुपारी शिक्षक खोलीत गुणतक्ता यायचा. मी पेन घ्यायची आणि वरून खाली भरत जायची. सतरा, अठरा, अठरा, सोळा, एकोणीस. कुणाला पंधराच्या खाली द्यायचं नाही हे कुणी लेखी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मुलाला समोर बोलावलंच तर नाव विचारायचं, एखादी कविता म्हणायला लावायची, तीही अर्ध्यावर थांबवायची. अकरा वर्षं मी हे केलं. मी बेइमान बाई आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं, उलट मी मुलांना तारते आहे असंच वाटायचं.

असं का होतं, हे बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. माध्यमिक शाळेत शिक्षकाचं पद विद्यार्थिसंख्येवर उभं असतं. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे पटावरून शाळेची पदं ठरतात. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की कुणीतरी अतिरिक्त ठरतं आणि समायोजनाच्या यादीत जातं. पट टिकवायचा तर गावोगावच्या पालकांना शाळेचा निकाल सांगावा लागतो. शेजारच्या शाळेने चौकात शंभर टक्के निकालाचा फलक लावला आणि आपला ऐंशीवर असला तर पुढच्या वर्षीची पाचवी तिकडे जाते. म्हणून तोंडीच्या गुणांवर शिक्षकाची सही असली तरी त्याच्या हाताखाली सगळ्या शाळेचं पोट असतं. एखाद्या मुलाला प्रामाणिकपणे आठ गुण देणं म्हणजे सहकाऱ्याच्या नोकरीशी खेळणं, असं आम्ही एकमेकांना समजावत होतो.

सरकारलाही हे दिसत होतं. शाळा तोंडी गुणांची खिरापत वाटतात, निकाल फुगतो, ही टीका जुनीच होती आणि खरी होती. २०१८-१९ पासून दहावीला नवा अभ्यासक्रम आला. त्या वेळी विनोद तावडे शिक्षणमंत्री होते. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून शंभरही गुण लेखी करण्यात आले. विज्ञान आणि गणिताचे तेवढे राहिले. त्याच वर्षी कुमारभारती हे मराठीचं नवं पुस्तक हातात पडलं, आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका होती. कृतिपत्रिकेत पाठ करून आलेलं उत्तर चालत नाही. स्वमत मांडा, रसग्रहण करा, बातमी तयार करा, जाहिरात लिहा. हा बदल मला आजही आवडतो. पण तो पेलायला मुलाला आपल्या मनातलं आपल्या शब्दांत सांगायची सवय लागते, आणि नेमकी ती सवय लावायची जागा होती तोंडी परीक्षा. आम्ही ती जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली होती. सरकारने रिकामी जागा पाहिली आणि ती भरायच्या ऐवजी बंद केली.

आता मुलं. आठवीपर्यंत शाळेत दुपारी खिचडी मिळते, पुस्तकं फुकट मिळतात, आणि त्या काळी कुणी नापासही करत नसे. नववीत पाऊल टाकलं की हे सगळं एकदम थांबतं. एकाच छपराखाली पाचवी ते आठवीची मुलं दुपारी ताटं घेऊन ओळीने बसतात आणि नववी-दहावीची मुलं डबा नसेल तर नळावर पाणी पिऊन बाकावर येऊन बसतात. बाल म्हणून कायद्याने धरलेला हात चौदाव्या वर्षी सुटतो, आणि त्याच वयात घर त्यांना कामाला धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला माणसं पुरत नाहीत, म्हणून दहावीची पोरंसुद्धा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात. ऑक्टोबरनंतर कापणी. मार्चमध्ये, म्हणजे नेमकं परीक्षेत, मोहफुलं पडायला लागतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. मुली एसटीच्या मोफत पासवर येतात. एक फेरी चुकली की पहिले दोन तास गेले.

शाळेतली भाषा आणि घरातली भाषा यांत आमच्याकडे मोठं अंतर आहे. हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा मुलूख. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. डोळा म्हणजे डोरा. ‘मी काम केलं’ असं इथे कुणी म्हणत नाही, ‘मी काम केलो’ म्हणतात. ही चूक नव्हे, बोलीचं ते व्याकरण आहे आणि ते काटेकोर आहे. पण पाचवीत आलेलं पोर वर्गात पहिल्यांदा ‘मी केलो’ म्हणतं तेव्हा आपण हसतो किंवा दुरुस्त करतो. दोन-तीनदा असं झालं की पोर बोलणं थांबवतं. ते थेट दहावीपर्यंत. वर्गात शांत बसणाऱ्या मुलांना आम्ही गुणी म्हणत आलो. त्यातली कितीतरी नुसती गप्प बसवलेली होती.

आणि हीच मुलं घराबाहेर कशी असतात! झाडीपट्टीत धान कापून झालं, मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की दंडार हे इथलं लोकनाट्य आणि नाटकं सुरू होतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या हिवाळाभर गावोगाव जातात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. हजारो माणसं शेकोट्या आणि चादरी घेऊन बसतात. आमची मुलं त्या गर्दीत असतात, दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतात, आणि मधल्या सुट्टीत खलनायकाचं पान-दीडपान भाषण एकही शब्द न चुकता म्हणून दाखवतात.

२०१९ च्या त्या बॅचमध्ये एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वडील दुसऱ्याच्या बांधीत राबणारे, आई तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात जाणारी. तो गावच्या दंडारीत बाईची भूमिका करायचा. मी ती एकदा पाहिली. नवरा परगावी गेलेल्या बाईचा विलाप होता. माझ्या शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत होत्या. वर्गात हा मुलगा माझ्याशी पाच वर्षांत ‘हो मॅडम’ आणि ‘नाही मॅडम’ याखेरीज काही बोलला नसेल. आदल्या वर्षीच्या पद्धतीत तो असता तर त्याला मी विचार न करता सतरा गुण दिले असते आणि त्याचा आवाज एकदाही ऐकला नसता.

८ जून २०१९ ला निकाल लागला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे त्या वर्षी २६ जूनला उघडणार होत्या, त्यामुळे शाळेला कुलूप होतं. मुख्याध्यापकांच्या घरच्या ओसरीवर आम्ही मोबाइलवर एकेक बैठक क्रमांक टाकून पाहत होतो. गणितात मुलं गेली तर कुणाला धक्का बसत नाही. इथे मराठीत गेली होती. ज्यांच्या घरात, शेतात, भांडणात, प्रेमात मराठीखेरीज दुसरी भाषा नाही अशी मुलं मराठीत नापास झाली होती. तो मुलगा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. त्याचे वडील संध्याकाळी आले. म्हणाले, “पेपर तं सारेच लिवला न मॅडम, मंग मराठीत कसा गेला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आम्ही मागवली. पैसे मी भरले. या प्रकरणात मला सर्वांत जास्त त्या छायाप्रतीने शिकवलं. रसग्रहण कोरं, जाहिरात कोरी. निबंधाला नुसतं शीर्षक. आकलनाच्या आकृत्यांत निम्म्या चौकटी भरलेल्या, त्याही शब्दन् शब्द उताऱ्यातून उचललेल्या. मात्र श्रमाविषयीच्या एका स्वमताच्या प्रश्नावर त्याने पाऊण पान लिहिलं होतं. रोवणीच्या दिवसांत आईची कंबर कशी जाते, सांजेला ती भिंत धरून कशी उठते, आणि गावात तिचं काम कामात का धरत नाहीत, असं सगळं होतं. ‘मी मायसोबत पऱ्हे काढलो’ असं वाक्य होतं. ऱ्हस्व-दीर्घ साफ कोलमडलेलं, पूर्णविराम कुठेच नाही. त्याला दोन गुण मिळाले होते. तपासणाऱ्यावर माझा राग नाही. समोर गठ्ठा असतो आणि प्रमाण मराठीत लिहिलेलं तपासायचं असतं. राग आला तो स्वतःचा. या मुलाला सांगायला काही आहे, हे मला पाच वर्षांत कळायला हवं होतं. ते मला नापासाच्या छायाप्रतीतून कळलं.

त्या जूनमध्ये राज्यभर जो गदारोळ झाला त्यात मात्र आमची मुलं नव्हती. वाद पेटला तो अकरावीच्या प्रवेशावरून. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण होते, राज्य मंडळाच्या मुलांना नव्हते, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांत आपली मुलं मागे पडणार, ही भीती होती. ती रास्तही होती. एका राज्यातल्या मुलांना दोन मापांनी मोजून एकाच रांगेत उभं करणं अन्यायच. २०१८ मध्ये १२५ मुलांना शंभर टक्के गुण होते, २०१९ मध्ये फक्त २० जणांना. वर्तमानपत्रं त्याबद्दल भरभरून लिहीत होती. निकालानंतर आठ दिवसांतच शिक्षण खातं आशिष शेलार यांच्याकडे गेलं. अकरावीच्या जागा वाढवल्या गेल्या, समिती नेमली गेली आणि ऑगस्टमध्ये ८०-२० ची पद्धत परत आली.

नव्वदवाल्यांचा प्रश्न सुटला. पस्तीसवाल्यांचाही सुटल्यासारखा दिसला, कारण पुढच्या वर्षी ती मुलं पास होणार होती. पण वीस गुण कशाचे, ते द्यायचे कसे, शिक्षकाने ते न भीता द्यावेत म्हणून काय बदलायचं, हे त्या दोन महिन्यांत कुठे चर्चेला आलेलं मला आढळलं नाही. काढताना मुलाला कुणी ऐकलं नव्हतं, परत देतानाही नाही.

त्या वर्षी, म्हणजे २०१९-२० मध्ये, मी मुख्याध्यापकांकडे एकच मागणी केली. मला तोंडी परीक्षा खरोखर घ्यायची आहे. ते वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, “घ्या. पण पंधराच्या खाली किती जातील ते मला आधी सांगा.”

अडचण वेळेची. एका मुलाला सात-आठ मिनिटं दिली तरी एका तुकडीला आठवडा जातो, आणि दहावीच्या वर्षात मराठीच्या शिक्षकाला आठवडा कुणी देत नाही. म्हणून मी दिवाळीनंतर सुरू केलं आणि रोज मधल्या सुट्टीआधी तीन मुलं घेतली. विषय पुस्तकातले ठेवले नाहीत. तुला नीट करता येतं असं एक काम मला समजावून सांग, मला त्यातलं काही येत नाही असं समज. बोली चालेल, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकलं. वर्गातली आणखी दोन मुलं ऐकायला बसायची आणि त्यांनी शेवटी एकेक प्रश्न विचारायचा. श्रवणाचे गुण त्या प्रश्नावर.

पहिले चार-पाच दिवस वाईट गेले. मुलं उभी राहायची, जमिनीकडे पाहायची, रडायचीसुद्धा. मी चुकते आहे असं वाटायला लागलं होतं. मग एका मुलीने मोहफुलांबद्दल सांगितलं. झाडाखालचा पाला आधी कसा जाळतात, फुलं कोणत्या वेळी पडतात, किती ऊन लागलं की वाळली असं समजायचं, व्यापारी वजनात कुठे मारतो. ऐकणाऱ्या मुलाने विचारलं, “पाला जाळतेत तं जंगल नाई पेटत का?” आणि दोघांचं जे सुरू झालं ते मी घंटा होईपर्यंत थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी मला विचारलं की आज कोणाचा नंबर.

मुलं बोलली तर लगेच लिहितीही झाली असं मी म्हणणार नाही. तसं झालं नाही. पण एक गोष्ट माझ्या हाती लागली. जे मूल आठ मिनिटं बोललं, त्याला त्याच दिवशी ‘हेच आता लिही’ म्हटलं तर त्याची वही कोरी राहत नव्हती. लिहिलेलं बोलीत असायचं. मग प्रमाण मराठीत ते कसं लिहितात हे शेजारी लिहून दाखवायचं, चूक म्हणून खोडायचं नाही, दुसरं रूप म्हणून द्यायचं. ‘मी केलो’ आणि ‘मी केलं’ समोरासमोर ठेवले की पंधरा वर्षांच्या मुलाला फरक चटकन कळतो. त्याला तो पाच वर्षं कुणी समोरासमोर दाखवलेला नसतो.

गुणांचं मात्र मला पूर्ण जमलं नाही. सहा मुलं बाराच्या खाली गेली. मुख्याध्यापकांनी यादी पाहिली, बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले की यांना तेरा करा. मी केले. ते चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण दोन तालुक्यांतल्या सगळ्या शाळा सतरा-अठरा देत असताना माझ्या सहा मुलांनी एकट्यांनी प्रामाणिकपणाची किंमत मोजावी, हेही मला पटवून घेता आलं नाही.

मग कोरोना आला. शेवटचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे सरासरी गुण दिले गेले. निकाल ९५.३० टक्के. राज्यात २४२ मुलांना शंभर टक्के. २०२१ मध्ये तर परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालावरून पन्नास, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे तीस आणि तोंडी-अंतर्गतचे वीस, म्हणजे शंभरही गुण शाळेच्या हातात. निकाल ९९.९५ टक्के. त्या वर्षी आम्ही कितीतरी मुलांचा चेहराही नीट पाहिला नव्हता. गावात नेटवर्क नव्हतं, एका घरात एक फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. त्या मुलांचे मी भरलेले आकडे माझ्या हस्ताक्षरात आहेत, आणि त्यांच्यामागे ऐकलेलं एकही वाक्य नाही.

तो मुलगा जुलै २०१९ च्या फेरपरीक्षेला बसला. पेपर रोवणीच्या दिवसांत होता. सकाळी बांधीत काम करून तो आला होता, पिंडरीवर चिखल वाळलेला होता. मराठी सुटलं, इंग्रजी राहिलं. एटीकेटीवर, म्हणजे विषय राहिलेला असतानाच, अकरावीत गेला आणि दिवाळीनंतर कॉलेजला येईनासा झाला. आता हिवाळ्यात नाटक कंपनीत असतो, उरलेलं वर्ष मजुरी. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या गावात त्यांचा प्रयोग होता. मध्यांतरात भेटायला आला, पाया पडला, म्हणाला, “मॅडम, आता माझी भूमिका मीच थोडी थोडी लिवतो.” मी त्याला ती वही आणून दाखवायला सांगितलं आहे.

शाळेत सध्या एवढं चालू आहे : तोंडी परीक्षा आम्ही दिवाळीनंतर घेतो, रोज तीन मुलं. दोन वर्षांमागे जवळच्या एका शाळेतल्या मराठीच्या सरांशी ठरवून अदलाबदल केली. त्यांची मुलं मी ऐकली, माझी त्यांनी. आपल्या शाळेच्या निकालाचं ओझं डोक्यावर नसलं की आकडा आपोआप खरा पडतो. त्यांनी माझ्या मुलांना नऊपासून एकोणीसपर्यंत गुण दिले. पुढच्या वर्षी त्यांच्या संस्थेने नको म्हटलं, कारण त्यांची एक तुकडी पटाच्या काठावर आली होती. या वर्षी मी दुसऱ्या एका शाळेला विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.